पडद्यावरचा लवाद : राल्फ एडवर्ड्स आणि ‘द पीपल्स कोर्ट’

‘ट्रुथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस’ या १९४० साली नभोवाणीवर सुरू झालेल्या खेळाने नावारूपाला आलेले आणि पुढे ‘धिस इज युवर लाइफ’ गाजवणारे अमेरिकी निर्माते राल्फ एडवर्ड्स यांनी साठी ओलांडल्यावर, १९८१ मध्ये, स्टू बिलेट यांच्या साथीने ‘द पीपल्स कोर्ट’ हा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर आणला. त्यातील पक्षकार व तंटे खरे असत, न्यायालय मात्र खरे नसे. लघुवाद न्यायालयात, म्हणजे किरकोळ रकमेचे दिवाणी दावे झटपट निकाली काढणाऱ्या न्यायालयात, दाखल झालेला दावा दोन्ही पक्षांनी मागे घ्यायचा आणि लवादाचा, अर्थात उभयपक्षी मान्य केलेल्या त्रयस्थाचा, निवाडा बंधनकारक मानायचा, अशी ही योजना होती. लॉस एंजेलिसचे निवृत्त न्यायाधीश जोसेफ वॉपनर काळा झगा घालून बसत खरे, परंतु कायद्याच्या दृष्टीने ते लवादच होते. निवाड्याची रक्कम निर्माते भरत असल्याने हरणाऱ्याच्या खिशाला झळ लागत नसे, आणि प्रतिवादी कॅमेऱ्यापुढे उभे राहण्यास राजी का होत, याचे बरेचसे उत्तर न्यायप्रेमापेक्षा या तरतुदीतच सापडते. वॉपनर यांचे पर्व १९९३ मध्ये संपले. १९९७ मध्ये कार्यक्रम पुन्हा सुरू झाला, तोवर ‘जज जूडी’ या दुसऱ्या कार्यक्रमाने याच साच्यावर पाय रोवले होते.