डोक्याची दुखापत आणि सीटी स्कॅन

डोक्याला मार लागल्यावर कवटीच्या आत रक्तस्राव झाला आहे का, हे सीटी स्कॅन या क्ष-किरणांवर आधारित तपासणीने लवकर कळते. मात्र प्रत्येक जखमीला तिची गरज नसते. बहुतेक दुखापती सौम्य असतात आणि तपासणीत शरीरावर किरणोत्सर्ग होतो. याउलट, वरकरणी ठीक दिसणाऱ्या एखाद्या रुग्णाची प्रकृती काही तासांनी एकाएकी ढासळू शकते. त्यामुळे अशा रुग्णांची निवड करण्यासाठी निकष तयार करण्यात आले.

निकष

ग्लासगो कोमा स्केल (१९७४) ही शुद्धी मोजण्याची पद्धत आहे. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांवरून ३ ते १५ गुण दिले जातात. १३ ते १५ गुण असलेला रुग्ण काही काळ बेशुद्ध झाला असल्यास, गोंधळलेला असल्यास किंवा त्याला घटना आठवत नसल्यास त्याच्यासाठी कॅनडातील संशोधकांनी २००१ मध्ये नियम प्रसिद्ध केला. पुढीलपैकी एक बाब आढळली तरी तपासणी करावी, असे तो सांगतो :

* दोन तासांनंतरही गुण १५ पेक्षा कमी असणे
* कवटी फुटल्याचा किंवा खचल्याचा संशय
* नाका-कानातून पाण्यासारखा द्रव येणे, दोन्ही डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळेनिळे पडणे
* दोन किंवा अधिक उलट्या
* वय ६५ किंवा अधिक
* अपघाताआधीच्या किमान अर्ध्या तासाचे विस्मरण
* पादचाऱ्याला वाहनाची धडक, वाहनातून बाहेर फेकले जाणे, तीन फुटांहून अधिक उंचीवरून पडणे

सोळा वर्षांखालील मुले, गर्भवती, फिट आलेले आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणारे रुग्ण यांना हा नियम लागू होत नाही. त्यांचा निर्णय डॉक्टर स्वतंत्रपणे घेतात.

ग्रामीण भागातील महत्त्व

धाराशिव जिल्ह्यातील तामलवाडी हे गाव सोलापूर–तुळजापूर महामार्गावर आहे. कोजागरी पौर्णिमेच्या सुमारास असंख्य भाविक या मार्गाने पायी तुळजापूरला जातात. वाहनाच्या धडकेने पादचारी क्षणभर जरी बेशुद्ध झाला, तरी वरील नियमानुसार त्याची तपासणी आवश्यक ठरते. प्राथमिक आरोग्य केंद्रात सीटी स्कॅन यंत्र नसते. त्यामुळे येथे खरा निर्णय रुग्णाला सोलापूरसारख्या शहरात वेळेत हलवण्याचा असतो. त्यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत मिळते. वाढती डोकेदुखी, गुंगी, वारंवार उलट्या किंवा हातापायातील अशक्तपणा दिसल्यास विलंब करू नये. मद्यपान केलेल्या जखमीची गुंगी नशेमुळेच आहे, असे गृहीत धरणे जिवावर बेतू शकते.