भिंतीवरचं पेट्रोल

घाट चढताना आपण मूठ पिळतो आणि गाडी निमूट ओढू लागते. यात नवल ते काय, असं आपल्याला वाटतं. इंजिनात मात्र त्या क्षणी हिशेबाची तारांबळ उडालेली असते.

एक ग्रॅम पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. पूर्ण जोर हवा असेल तेव्हा हवेचं प्रमाण १२.५ च्या आसपास आणतात, म्हणजे मिश्रण मुद्दाम ‘रिच’ ठेवतात. किती फेऱ्यांना, किती भाराला किती इंधन, याचा तक्ता ईसीयू नावाच्या छोट्या संगणकात असतो. गाडी बहुतेक वेळा तक्त्यातल्या चौकटींच्या मधेच कुठेतरी असते. मग ईसीयू भोवतालच्या चार चौकटींवरून उत्तर काढतो. मिनिटाला ६००० फेरे असताना सिलिंडरचं एक चक्र २० मिलिसेकंदांत संपतं. तेवढ्यात हे सगळं उरकायचं!

आणि तक्ता बिनचूक असला तरी रेस देताच गाडी गचका खाऊ शकते. थ्रॉटल उघडल्याबरोबर हवा आत धावते, पेट्रोल मागे राहतं. इंजेक्टरच्या फवाऱ्यातला काही भाग सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटेच्या, म्हणजे पोर्टच्या, भिंतीला चिकटतो. कोरड्या पाटात पाणी सोडलं की आधी पाटच ते पितो आणि शेवटच्या वाफ्याला उशिरा मिळतं, तसंच हे. एरवी जेवढं चिकटतं तेवढंच उडून जातं. पण थ्रॉटल उघडला की पोर्टमधला दाब वाढतो, बाष्पीभवन मंदावतं, थर जाड होतो आणि सिलिंडर क्षणभर उपाशी राहतो. थ्रॉटल मिटला की दाब पडतो, तोच थर भसकन उडतो आणि नको तेव्हा मिश्रण रिच होतं.

कित्येक कार्बोरेटरांना ही उपासमार टाळायला जास्तीचं पेट्रोल टाकणारा एक छोटा पंप असे, धसमुसळा पण कामाचा. फोर्डमधल्या सी. एफ. अक्विनो यांनी पाच लिटरच्या इंजिनावर काम करून १९८१ मध्ये हा सगळा गोंधळ दोन आकड्यांत बसवला: फवाऱ्यातला किती वाटा भिंतीवर जातो आणि तो थर उडायला किती वेळ लागतो. बस्स! गार इंजिनात दोन्ही आकडे वाढतात, म्हणून थंडीतल्या सकाळी जास्तीची भर घालावी लागते.

ट्यूनिंग करणारा जाणता माणूस आधी स्थिर भाराचा तक्ता नीट लावतो आणि बदलत्या भारासाठीची भर नंतर घालतो. उलट केलं तर तक्त्यातली खोट त्या भरीखाली झाकली जाते. माझ्या मते याहून फसवी दुरुस्ती नाही. त्यातून मिश्रण मोजणारा लॅम्ब्डा सेन्सर एक्झॉस्टमध्ये बसलेला. तो बोलतो तेव्हा गचका बसून गेलेला असतो.

थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनांनी पोर्टची भिंतच वगळली. पण मग इनटेक वाल्व्हवर पेट्रोल पडेना, ते धुतले जाईनात आणि त्यांच्यावर कार्बन साचू लागला. टोयोटाने आपल्या काही इंजिनांत पोर्ट आणि सिलिंडर अशा दोन्ही ठिकाणी इंजेक्टर बसवले आहेत.