उपग्रहाच्या डोळ्याने पैनगंगाकाठ

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर पैनगंगेने विदर्भ आणि मराठवाडा यांच्यामध्ये जी रेघ ओढली आहे, ती उमरखेड तालुक्यातील माणसाला पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. परंतु ती रेघ किती नागमोडी आहे, हे काठावर उभे राहून कळत नाही. शेकडो किलोमीटर उंचीवरून टिपलेल्या उपग्रहचित्रात मात्र तिची वळणे एका दृष्टिक्षेपात उलगडतात. वरच्या अंगाला इसापूर धरणाचा बोटे पसरल्यासारखा जलाशय, खालच्या अंगाला पैनगंगा अभयारण्याचा गर्द पट्टा, काळ्या कातळावरून नदी कोसळते ते सहस्रकुंड आणि या साऱ्यांच्या मध्ये शेतांची गोधडी, असे हे दृश्य आहे.

एके काळी असे दृश्य पाहण्याचा अधिकार सरकारांपुरता आणि सेनादलांपुरता मर्यादित होता. १९७२ साली अमेरिकेने पहिला ‘लँडसॅट’ सोडला. १७ मार्च १९८८ रोजी भारताचा आयआरएस-१ए अवकाशात गेला. २००५ मध्ये ‘गूगल अर्थ’ आणि २००९ मध्ये ‘इस्रो’चे ‘भुवन’ आले, आणि तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्यालाही पृथ्वीचा कोणताही कोपरा न्याहाळता येऊ लागला. वाळवंटातील आकृत्या, समुद्रातील प्रवाळांची कडी, डोंगरमाथ्यावरचे विसरलेले कोट शोधण्याचा छंद जगभर फैलावला. छंद निर्मळ आहे. प्रश्न एवढाच, की दिसलेल्या गोष्टीचा अर्थ कोणी आणि कसा लावायचा?

या प्रश्नाचे उत्तर उमरखेडच्या पश्चिमेस, बुलढाणा जिल्ह्यात आहे. लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे वर्तुळ उपग्रहचित्रात चटकन डोळ्यांत भरते. परंतु ते ज्वालामुखीचे मुख की अशनीचा आघात, हा वाद आकृतीवरून सुटला नाही. तळाशी छिद्रे पाडून काढलेल्या खडकांत प्रचंड आघाताच्या खुणा आढळल्या आणि १९७३ साली त्यावरील संशोधन प्रसिद्ध झाले, तेव्हा आघाताच्या बाजूला निर्णायक पुरावा मिळाला. २०२० च्या जून महिन्यात सरोवराचे पाणी गुलाबी झाले. तो पालट उपग्रहानेही टिपला; कारण मात्र पाण्याचे नमुने तपासल्यावरच, क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांच्या रूपाने हाती लागले.

उलट उदाहरण राजस्थानातले आहे. जैसलमेरजवळच्या वाळवंटात उपग्रहचित्रांवरून सापडलेल्या प्रचंड सर्पिल रेषांची २०२१ मध्ये जगभर चर्चा झाली. त्यांना प्राचीन भूचित्रे म्हटले गेले. पुढे काही अभ्यासकांनी, हे तर वनीकरणासाठी खणलेले चर आहेत, असा आक्षेप घेतला. विदर्भातील टेकड्यांवरचे सलग समतल चर पाहिलेल्या शेतकऱ्याला या आक्षेपाचे नवल वाटणार नाही.

उपग्रहाचे यंत्र खोटे बोलत नाही. पण ते अर्धेच बोलते. हिरवी पाने डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात, म्हणून एका विशिष्ट रंगयोजनेत भरघोस वनस्पती तांबडी दिसते. ती पऱ्हाटी आहे की साग, हे ठरवायला ऋतूचे ज्ञान लागते. सागाचे जे जंगल पावसाळा सरताच घनदाट भासते, तेच पानगळीनंतर उन्हाळ्यातील चित्रात उजाड दिसते. तारीख न पाहता निष्कर्ष काढणारा येथे हमखास फसेल.

ही फसगत केवळ छंदापुरती राहिली असती, तर तिची चिंता करण्याचे कारण नव्हते. परंतु २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार, १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमिनीचा ताबा असलेल्या आदिवासींना हक्क मागता येतो. शेतात मोहाची चार झाडे राखणाऱ्याचे वावर वरून पाहता विरळ जंगलच वाटू शकते. एकाला गंमत वाटणारे चित्र अशा वेळी दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊ शकते. हे ओळखूनच २०१२ च्या सुधारित नियमांनी उपग्रहचित्राला पूरक पुराव्याचे स्थान दिले. इतर पुराव्यांची जागा त्याने घेऊ नये, असे स्पष्ट बजावले. ग्रामसभेचा ठराव, वडीलधाऱ्यांची जबानी, जुन्या विहिरी आणि बांध यांचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

म्हणून या चित्रांचे वाचन शाळेतच शिकवले गेले पाहिजे. भूगोलाच्या शिक्षकाने मुलांपुढे आपल्याच गावाची निरनिराळ्या वर्षांची चित्रे ठेवावीत. नदीचे पात्र कुठे सरकले, तळे कुठे आटले, कागदावरचे शेततळे प्रत्यक्षात आहे काय, हे शोधायला लावावे. आणि मग त्यांना तेथवर चालत न्यावे. चित्र आणि जमीन जुळली नाही, तर चूक कोठे झाली हे मुलांनीच सांगावे. असे शिकलेला विद्यार्थी उद्या कारकून होऊन टेबलावर आलेले चित्र हाताळील, किंवा दावेदार होऊन त्याच टेबलासमोर उभा राहील. दोन्ही ठिकाणी त्याला एक साधा प्रश्न विचारता आला पाहिजे: हे चित्र कोणत्या तारखेचे, आणि त्या जागी जाऊन पाहिले कोणी?