घरची शाळा आणि ‘कशावरून?’ हा प्रश्न

मूल शाळेत न जाता शिकू शकते का? शिक्षकांच्याच मासिकात हा प्रश्न विचारणे थोडे धाडसाचे आहे. पण तो टाळूनही चालणार नाही. काही पालक आज पूर्ण विचारांती मुलांना घरीच शिकवतात. २०२० साली करोनाच्या साथीत शाळा बंद झाल्या, तेव्हा तर ज्या घरांनी असा विचार स्वप्नातही केला नव्हता, त्यांच्याही ओसरीवर शाळा भरली. म्हणून या प्रश्नाकडे विज्ञानाच्या बाजूने पाहू या.

घरी शिकणे आपल्याकडे नवे नाही. पंडिता रमाबाई कोणत्याही शाळेत न जाता संस्कृत शिकल्या. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी विरोध पत्करून पत्नीला शिकवले आणि त्या माउलीने लेकीला. जोतीरावांनी सावित्रीबाईंना घरी अक्षरओळख करून दिली, तर न्यायमूर्ती रानड्यांनी रमाबाई रानडे यांना. मात्र एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. या स्त्रिया घरी शिकल्या, कारण शाळेचे दार त्यांच्यासाठी बंद होते. आजचे पालक दार उघडे असताना घर निवडतात. त्यामुळे त्यांची जबाबदारी अधिक मोठी आहे.

कायदा काय म्हणतो? २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला लागू आहे. मुलाला जवळच्या शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य असल्याचे त्याचे १० वे कलम सांगते. मात्र हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकांसाठी त्यात शिक्षा ठेवलेली नाही. पुढे प्रमाणपत्र हवे असेल, तर १९८९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी-बारावी आहे. आपल्या राज्य मंडळाची परीक्षा खासगीरीत्या देण्यासाठीचा ‘१७ नंबरचा फॉर्म’ तर गावोगावी ठाऊक आहे. तेव्हा वाटा आहेत. पण वाट असणे आणि त्या वाटेने काही शिकणे या दोन गोष्टी वेगळ्या.

एकाच शिक्षकाची शाळा

घरच्या शाळेची मोठी ताकद म्हणजे वेळ. तिथे घंटा होत नाही. मूल दोन तास मुंग्यांची रांग बघत बसले, तरी कोणी हटकत नाही. अमेरिकेतले शिक्षक जॉन होल्ट यांनी १९७७ मध्ये शाळेविना वाढण्याला वाहिलेले एक नियतकालिक काढले, तेही मुलांच्या उपजत कुतूहलावर विश्वास ठेवून. पण त्याच देशात घरी शिकवण्याचा दुसराही मोठा प्रवाह वाढला, तो धर्मश्रद्धेतून आलेला. त्यातल्या कित्येक पाठ्यपुस्तकांत पृथ्वीचे वय काही हजार वर्षे दिलेले असते आणि उत्क्रांती नाकारलेली असते. म्हणून तिथल्या काही पालकांना ‘आम्हाला धर्मनिरपेक्ष साहित्य हवे’ असे वेगळे सांगावे लागते.

आपण यावर हसू नये. २०२३ मध्ये आपल्याच एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला आणि त्याविरुद्ध देशभरातल्या अनेक वैज्ञानिकांनी पत्रक काढले. पुस्तक शाळेचे असो की घरचे, त्यातून काय गळले यावर कोणीतरी लक्ष ठेवावेच लागते. शाळेत निदान एका बाई चुकल्या तर दुसरे गुरुजी असतात, शेजारच्या बाकावरचा मित्र असतो. घर ही मात्र एकाच शिक्षकाची शाळा. तिथल्या मोठ्या माणसालाच प्रश्नाची भीती वाटली, तर मुलाला दाद मागायला दुसरी जागा नाही.

तेव्हा धर्मनिरपेक्ष गृहशिक्षण म्हणजे देवघर बंद करणे नव्हे. कोणत्याही विधानाला, मग ते पोथीतले असो, पाठ्यपुस्तकातले असो की खुद्द बाबांचे, ‘कशावरून?’ असे विचारण्याची मुलाला मोकळीक असणे, एवढाच त्याचा अर्थ. राज्यघटनेच्या ५१-क कलमाने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य मानले आहे, त्याची सुरुवात इथून होते.

आता एक जागा घेऊन हे प्रत्यक्ष कसे घडेल ते पाहू.

पांडवांची एक रात्र

मावळातले कार्ले आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. पायथ्याशी वेहेरगाव, वर डोंगरात कोरलेले भारतातले सर्वांत मोठे चैत्यगृह आणि त्याच्या दाराशीच कोळी बांधवांची कुलस्वामिनी एकवीरा देवी. दरवर्षी चैत्रात इथे मोठी यात्रा भरते. पांडवांनी हे देऊळ एका रात्रीत बांधले, अशी कथा इथे सांगतात. समजा, पायऱ्या चढता चढता मुलाने विचारले, ‘आजी, खरंच एका रात्रीत?’

इथे दोन सोपी उत्तरे आहेत आणि दोन्ही वाईट आहेत. ‘असे विचारू नये’ हे पहिले. ‘छे, सगळ्या थापा’ हे दुसरे. पहिल्याने मुलाचा प्रश्न मरतो, दुसऱ्याने आजीचा मान जातो. आणि दोन्हींमुळे विचार करायचे राहून जाते. तिसरे उत्तर असे: ‘ही गोष्ट लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. शेजारचे हे लेणे खडकात कोरलेले आहे. ते कोरायला किती वेळ लागला असेल, ते आपण दगडालाच विचारू या.’

दगडाला विचारायचे म्हणजे मोजायचे. चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब, १४ मीटर रुंद आणि १४ मीटर उंच आहे. सरळ पेटी धरली तर घनफळ सुमारे ७,४०० घनमीटर येते. छत कमानीसारखे आहे, शिवाय ३७ खांब आणि स्तूप यांचा दगड जागीच ठेवला आहे. म्हणून अंदाजाने ५,००० घनमीटर दगड बाहेर काढला असे धरू. एक घनमीटर बेसाल्टचे वजन पावणेतीन ते तीन टन भरते. म्हणजे जवळजवळ १५,००० टन दगड, दहा टनी ट्रकच्या दीड हजार खेपा!

एक माणूस छिन्नी-हातोड्याने दिवसाला किती दगड काढेल? हे पाथरवटालाच विचारायला हवे. तोवर दिवसाला घनमीटरचा दहावा भाग असे मानून चालू. मग काम होते ५०,००० माणूस-दिवसांचे. पन्नास माणसे रोज राबली तरी हजार दिवस, म्हणजे पावणेतीन वर्षे. खांबांवरची हत्ती-स्वारांची शिल्पे आणि भिंतीवरची जोडपी घडवायला लागलेला वेळ वेगळाच. आणि हेच काम एका रात्रीत करायचे तर ५०,००० माणसे एकदम आत हवीत. जमीन आहे सुमारे ५३० चौरस मीटर. एका चौरस मीटरवर नव्वदहून अधिक माणसे उभी कशी राहणार? आपला दिवसाचा अंदाज दहापट चुकला असला, तरी निष्कर्ष बदलत नाही. अंदाज कुठे ढिला चालतो आणि कुठे नाही, हेही मूल यातून शिकते.

दुसरा साक्षीदार म्हणजे शिलालेख. ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत कोरलेल्या या लेखांतून वैजयंतीचा शेठ भूतपाल भेटतो, धेनुकाकट गावचे दाते भेटतात आणि त्यांत स्वतःला यवन म्हणवणारेही आहेत. एकेका खांबाचे दान वेगवेगळ्या माणसांनी दिले आहे. म्हणजे हे अनेकांच्या पैशाचे आणि श्रमाचे काम आहे.

तिसरा साक्षीदार छताला आहे. तिथल्या लाकडी कमानी मूळच्या आहेत. झाड जिवंत असेपर्यंत हवेतला कार्बन घेते. त्यातला कार्बन-१४ हा अंश झाड तोडल्यावर हळूहळू घटतो, ५,७३० वर्षांत निम्मा होतो. दोन हजार वर्षांनी तो सुमारे ७८ टक्के उरेल. तो मोजला की लाकडाचे वय कळते. मात्र ते लाकूड वाढले तेव्हाचे वय असते, छताला बसवले तेव्हाचे नव्हे. कशावरून काय कळते आणि काय कळत नाही, हे दोन्ही मुलाला सांगितले पाहिजे.

आणि खुद्द खडक? तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. दख्खनवर एकावर एक थर साचत गेले, त्यांतला हा एक डोंगर. पायऱ्यांच्या कडेला खडकात बारीक पोकळ्या दिसल्या, तर त्या लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या खुणा असू शकतात.

मग आजीच्या गोष्टीचे काय? ती खोडून टाकायची नाही. ती माणसांविषयीचा पुरावा आहे. ‘एवढे अवाढव्य काम माणसांनी केले असेल, यावर लोकांचा विश्वास का बसला नसेल?’ ‘समुद्रावरच्या कोळ्यांची देवी घाटमाथ्यावर कशी?’ हे प्रश्न घेऊन आजीकडे, पुजाऱ्यांकडे, यात्रेला आलेल्या कोळणींकडे जावे. श्रद्धा ठेवणे, श्रद्धेचा अभ्यास करणे आणि खडकाचे वय मोजणे ही तीन वेगळी कामे आहेत. ती वेगळी ठेवता आली की भांडण उरत नाही.

बाटलीभर पाऊस

लेणे रोज जवळ नसते. पाऊस मात्र सगळ्यांच्या अंगणात पडतो. सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली घ्या. वरचा नरसाळ्यासारखा भाग कापून उलटा बसवा. तळाचा वाकडातिकडा भाग बुडेल इतके पाणी आधीच भरून तिथे शून्याची खूण करा आणि वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. झाड आणि वळचण यांपासून दूर ठेवून रोज सकाळी साडेआठला वाचन करा. हवामान खात्याची वेळही हीच आहे. नोंद झाली की पाणी पुन्हा शून्याच्या खुणेवर आणा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. यावरून घराच्या छपरावर किती पाणी पडले ते काढता येते.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अवघ्या साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात सुमारे सातशे. कार्ल्याच्या मुलाने आपला आकडा तळेगावच्या मावशीच्या आणि पुण्याच्या आत्याच्या आकड्याशेजारी मांडला, तर दमट वारा घाट चढताना थंड होऊन कसा बरसतो आणि पलीकडे कोरडा कसा होतो, हे पाठ करावे लागणार नाही. शिवाय ‘काल फार पाऊस झाला’ असे बाबा म्हणाले आणि बाटलीत आठच मिलिमीटर दिसले, तर बाटलीचे ऐकायचे. घरच्या शाळेत हा फार मोठा धडा आहे: मापापुढे वडीलही विद्यार्थी असतात.

साहित्य कुठे मिळेल?

पैशाची अडचण इथे फारशी येत नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके आणि १९७१ पासूनचे ‘किशोर’ मासिक संगणकावर विनामूल्य वाचता येते, मराठी विश्वकोशही. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून करायची शेकडो खेळणी आणि मराठीसह अनेक भाषांतली पुस्तके सर्वांना खुली केली आहेत. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने प्राथमिक वर्गांसाठी कृतीवर आधारलेली विज्ञानाची पुस्तके तयार केली आहेत. हातांनी शिकण्याचे उदाहरण पाहायचे असेल, तर पुणे जिल्ह्यातच पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग या वैज्ञानिकाने तो १९८३ मध्ये सुरू केला आणि शाळा सुटलेल्या मुलांना सुतारकाम, वीजजोडणी, शेती अशा कामांतून विज्ञान शिकवले.

पण पुस्तकांहूनही गरज असते ती परक्या नजरेची. संशोधनात आम्ही आमचे निष्कर्ष आम्हीच तपासून थांबत नाही. अनोळखी जाणकारांपुढे ठेवतो आणि ते त्यातल्या चुका काढतात. घरी शिकणाऱ्या मुलालाही असा कोणी हवा. राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत शाळेबाहेरची मुलेही प्रकल्प मांडू शकतात. गावातला पाथरवट, वायरमन, आरोग्यसेविका हेही परीक्षकच.

आणि तुम्ही शिक्षक. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा काढल्या, तेव्हा गुरे राखणाऱ्या मुलांना शाळेत ओढण्याऐवजी शाळाच कुरणावर नेली. तेच उलट्या दिशेनेही करता येईल. तुमच्या गावात एखादे मूल घरी शिकत असेल, तर प्रयोगशाळेचे कपाट आणि वाचनालय त्याला एक दिवस उघडे ठेवा. त्याची पावसाची वही तुमच्या वर्गाला तपासायला द्या. तुमच्या मुलांना एक नवे कोडे मिळेल आणि त्या मुलाला ‘कशावरून?’ विचारणारे चाळीस सोबती. पालकांची भूमिका तुम्हाला पटो वा न पटो, मूल तर आपल्याच गावचे आहे.

पुढच्या पावसाळ्याआधी वर्गात दोन गोष्टी करून पाहा. एक, गावातल्या एखाद्या जुन्या विहिरीचे घनफळ काढा आणि ती खणायला किती माणूस-दिवस लागले असतील याचा अंदाज करा. दोन, त्या विहिरीची गोष्ट म्हाताऱ्या माणसांकडून ऐकून लिहून काढा. मग दोन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी मांडा आणि कोणते उत्तर कशावरून आले, एवढेच मुलांना विचारा.