गंगावन, ब्लीच आणि चंद्रपूरचा मे महिना

एक कबुली देऊनच टाकते. माझ्या कपाटात एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ५० ग्रॅम केस पडून आहेत. रंग : पिकलेल्या टेंभराचा. पोत : नारळाच्या काथ्याचा. किंमत : आईला अजून सांगितलेली नाही.

तर झालं असं. पुण्यात नोकरी, पावसाळ्यात डेंग्यू. ताप आठवड्यात गेला. पण अडीच महिन्यांनी उशीवर, कीबोर्डवर, डब्यातल्या पोळीवर, जिकडे तिकडे माझेच केस. डॉक्टर म्हणाले, 'घाबरू नका. मोठ्या तापानंतर बरेचसे केस एकदम सुट्टीवर जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. परत येतील.' येतात हो, पण महिन्याला जेमतेम १ सेंटिमीटर! मग मी केस मानेपर्यंत कापले आणि विरळपणा लपावा म्हणून कॅरमल हायलाइट्स करून घेतले. ऑफिसात सगळे म्हणाले, 'सही लुक!'

प्रॉब्लेम मे महिन्यात आला. मावसबहिणीचं लग्न गडचिरोलीला. नऊवारी, आंबाडा, गजरा असा फुल्ल प्लॅन. मानेपर्यंतच्या केसांचा आंबाडा कसा घालणार? उपाय सोपा वाटला. खऱ्या केसांची क्लिपवाली एक्स्टेन्शन्स घेतली. १८ इंची, १०० ग्रॅम. फक्त ती काळीकुळकुळीत, आणि मी कॅरमल. म्हटलं, त्यात काय, घरीच ब्लीच करू!

पडवीतलं पार्लर

लग्नाच्या तीन दिवस आधी चंद्रपूरला घरी पोचले. चंद्रपूरचा मे ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. पारा ४५च्या पुढे, रस्ते ओस, कूलरसमोर अख्खं कुटुंब. मी भर दुपारी मागच्या पडवीत बसले. ब्लीच पावडर आणि ४० व्हॉल्युमचं डेव्हलपर कालवलं. अर्धा सेट माखला, फॉइलमध्ये गुंडाळला आणि लवकर व्हावं म्हणून उन्हात ठेवला. वा रे अक्कल!

वीस मिनिटांनी फॉइल उघडलं तर आतून वाफ. टोकं पिवळी, मधले केस भगवे, शिवणीजवळचे अजून काळे. धुवायला घेतले तेव्हा ओले केस च्युइंगगमसारखे ताणले गेले आणि तुटले. आई दारात उभी. म्हणाली, "काऊन वं, केसाचं भरीत काऊन करून ठेवलं?"

चुकलं कुठं?

सगळीकडेच. नंतर शांतपणे वाचलं, पार्लरवाल्या मैत्रिणीला फोन केला, तेव्हा उलगडा झाला.

केसांचा रंग म्हणजे मेलॅनिन. ब्लीचमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड केसाच्या आत शिरून ते मेलॅनिन फोडतं. आपल्याकडच्या काळ्या केसात ते ठासून भरलेलं. त्यामुळे काळ्यावरून थेट कॅरमल होत नाही. आधी तांबूस, मग भगवा, मग पिवळा अशी स्टेशनं घेत गाडी जाते. आणि मेलॅनिनबरोबर केसाला घट्ट धरून ठेवणारे केराटिनमधले बंधही तुटत जातात. २० व्हॉल्युम म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड, ४० व्हॉल्युम म्हणजे १२ टक्के. त्यात उष्णता मिळाली की ही रिॲक्शन आणखी जोरात धावते. मी दुप्पट डोस घेऊन तो चंद्रपूरच्या उन्हात ठेवला होता.

दुसरं, डोक्यावरच्या केसांना मुळाशी थोडंफार तेल मिळत राहतं आणि बिघडलेला केस कापला की खालून नवा येतो. एक्स्टेन्शनला मूळच नाही. जे गेलं ते गेलं. शिवाय स्वस्त सेटमध्ये केस आधीच ॲसिडच्या अंघोळीतून गेलेले असतात. वरचे खवले काढून टाकलेले, वर सिलिकॉनचा थर चढवलेला. म्हणूनच दुकानात ते इतके चमकतात. काळा रंगही बरेचदा डाय केलेला असतो, आणि डायवर ब्लीच एकसारखं चढत नाही.

हे केस कुणाचे?

त्या रात्री पिशवीकडे बघताना पहिल्यांदाच मनात आलं, हे होते तरी कुणाचे? १८ इंच म्हणजे कुणाच्या तरी डोक्यावरची साडेतीन-चार वर्षं. मी वीस मिनिटांत संपवली.

भारतातून केस जगभर जातात. त्यांचे ढोबळ दोन रस्ते. एक, देवाला वाहिलेले. तिरुमलाच्या कल्याणकट्ट्यावर भाविक मुंडण करतात आणि देवस्थान ते केस लिलावात विकतं. २००४ मध्ये तर ज्यू धर्मगुरूंनी अशा केसांचे विग वापरायला मनाई केली, कारण ते दुसऱ्या देवाला वाहिलेले. जेरुसलेम आणि ब्रुकलिनमध्ये बायकांनी महागडे विग रस्त्यात जाळले होते. असे केस एका दिशेने कापलेले असतात, मुळं एकीकडे, टोकं एकीकडे. यालाच बाजारात 'रेमी' म्हणतात.

दुसरा रस्ता आपल्या दारातून जातो. आठवतंय, 'केसांवर फुगे'वाला? कंगव्यात निघालेलं गुंतवळ घेऊन तो फुगे द्यायचा, कुणी भांडी द्यायचं. ते गुंतवळ कर्नाटकात कोप्पळकडे, बंगालमध्ये मुर्शिदाबादकडे जातं. तिथे बायका ते एकेक केस करून सोडवतात. त्यात मुळं आणि टोकं उलटसुलट झालेली, म्हणून खवले एकमेकांत अडकतात आणि गुंता होतो. म्हणून मग ती ॲसिडची अंघोळ.

हे सगळं मी आईला सांगत होते. ती उठली आणि गोदरेजच्या कपाटातून एक कापडी पुरचुंडी घेऊन आली. आत गंगावन!

लहानपणी मी ते पाहिलं होतं, पण गोष्ट माहीत नव्हती. आईनं तरुणपणी फुगेवाल्याला कधी गुंतवळ दिलंच नाही. बिस्किटांच्या डब्यात साठवलं आणि एका बाईकडून गंगावन वळून घेतलं. पुढे बाबांचं ऑपरेशन नीट पार पडलं, तेव्हा बल्लारशाहून गाडी धरून तिरुपतीला गेली आणि गुडघ्यापर्यंतची वेणी नवसाला दिली. नंतर केस खांद्याच्या खाली वाढलेच नाहीत. तरुणपणच्या केसांतलं एवढंच उरलेलं.

"घे," ती म्हणाली. "कर पांढरं. मले काय करायचं हाय आता त्याचं?"

दहा केसांची परीक्षा

खरं सांगते, मोह झाला. उरलेल्या ५० ग्रॅममध्ये आंबाडा होत नव्हता. पण या वेळी मी दहाच केस कापले. ६ टक्केवालं डेव्हलपर, सावलीत, प्लॅस्टिकच्या वाटीत. पाच मिनिटांत वाटी हाताला गरम लागली. आठव्या मिनिटाला केस ताणून पाहिले. तुटले.

आईला विचारलं तेव्हा कळलं, गंगावन पिंगट दिसू नये म्हणून ती वर्षानुवर्षं त्याला सुटी मिळणारी काळी मेंदी लावत होती. अशा काही मेंद्यांमध्ये धातूंचे क्षार असतात, आणि धातू व पेरॉक्साइड एकत्र आले की उष्णता भसकन बाहेर पडते. त्यात आमच्या बोअरिंगचं पाणी. बादलीला तांबडं वलय धरणारं, म्हणजे लोह आलंच. अख्खं गंगावन माखलं असतं तर? पुरचुंडीची गाठ परत बांधताना माझे हात थरथरत होते.

मग मैत्रिणीनं फोनवर जे सांगितलं ते इतकं साधं होतं की स्वतःचाच राग आला. "अगं, एक्स्टेन्शन उजळवण्यापेक्षा तुझे केस गडद कर ना!" उजळवताना केसातून काढून घ्यावं लागतं, गडद करताना वर फक्त रंग बसवायचा. मनगटावर थेंब लावून दोन दिवस वाट पाहिली. ॲलर्जीची टेस्ट, ती चुकवू नका. मग लग्नाच्या सकाळी माझे हायलाइट्स काळे केले. खर्च : एक पाकीट.

तरीही करायचंच असेल, तर...

* सिंथेटिक केसांना ब्लीच लागू होत नाही. एक केस जाळून बघा. खरा केस जळका वास देत राख होतो, सिंथेटिक वितळून गोळी होते.
* आधी दहा-बारा केसांवर टेस्ट. गरम झाले, ताणले किंवा तुटले, तर विषय संपला.
* ६ टक्क्यांच्या वर जाऊ नका. ऊन, ड्रायर, गरम फॉइल नको. दर पाच मिनिटांनी बघा.
* धातूचं भांडं नको. कालवलेलं ब्लीच झाकणबंद बाटलीत कधीच ठेवू नका, गॅस साठून फुटतं.
* हातमोजे घाला, खिडक्या उघडा. पावडर नाकात जाऊ देऊ नका, दम्याचा त्रास असेल तर हा उद्योगच नको.
* शिवणीपासून बोटभर लांब राहा, नाहीतर तिथूनच केस गळतात.
* भगव्यावर निळा टोनर, पिवळ्यावर जांभळा. शेवटी साधं फिल्टरचं पाणी आणि भरपूर कंडिशनर.
* बाथरूम धुवायचं ब्लीच चुकूनही नाही. त्यात केस अक्षरशः विरघळतात.
* एक-दोन शेडच उजळवायच्या असतील तर ठीक. काळ्याचं सोनेरी हवं असेल तर सोनेरीच विकत घ्या.

लग्नाच्या दिवशी मूल-सावलीमार्गे गडचिरोलीला निघालो. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, उन्हानं पार पानगळ झालेलं. आईनं मांडवातच मागे बसून माझा आंबाडा घातला. आत तिचं गंगावन, वर मोगऱ्याचा गजरा. पिना टोचत होत्या, पण मी हूं की चूं केलं नाही.

जेवणाच्या पंगतीत एका मामींनी डोक्याला हात लावून विचारलंच, "केस ओरिजिनल हायेत का वो?"

म्हटलं, "हो मामी. आईचे आहेत."