मेंदूत खोलवर बसवलेल्या तारेचा माग
कंपवाताच्या, म्हणजेच पार्किन्सन्सच्या, ज्या रुग्णांना औषधे पुरी पडत नाहीत त्यांच्या मेंदूत खोलवर बारीक तार बसवून तिच्यातून सतत विद्युतस्पंद देण्याच्या उपचाराचा पाया फ्रान्समधील ग्रनोबल येथे आलिम-लुई बेनाबिद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७च्या सुमारास घातला. या तारेचे नेहमीचे लक्ष्य असलेले सबथॅलॅमिक केंद्रक, म्हणजे चेतापेशींचा एक पुंजका, जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचे असते. बरीच वर्षे प्रचलित असलेल्या तारेच्या टोकाशी दीड-दीड मिलिमीटर उंचीची चार धातूची कडी असतात आणि त्यांच्यात अंतर अवघे अर्ध्या मिलिमीटरचे. त्यामुळे तार दोनेक मिलिमीटर बाहेरच्या बाजूला सरकली, तरी प्रवाह शेजारून जाणाऱ्या स्नायुनियंत्रक तंतूंपर्यंत पोहोचून बोलणे अडखळू शकते किंवा चेहरा ओढला जाऊ शकतो.

शस्त्रक्रियेनंतर तार कुठे बसली हे पाहू गेल्यास अडचण अशी, की तार आणि केंद्रक या दोन्ही गोष्टी एकाच चित्रात नीट दिसत नाहीत. सीटी स्कॅनमध्ये धातू पांढराशुभ्र दिसतो, पण केंद्रक आसपासच्या भागातून वेगळे ओळखता येत नाही. एमआरआयमध्ये केंद्रक त्यातील लोहामुळे काळपट उठून दिसते, मात्र धातूमुळे चुंबकीय क्षेत्र बिघडून तारेच्या जागी तिच्याहून जाड काळा डाग उमटतो, शिवाय तार तापण्याचा धोका असतो तो वेगळाच. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीचा एमआरआय आणि नंतरचा सीटी संगणकावर एकमेकांवर बसवले जातात. दोन्हींतील छटा मुळातच जुळणाऱ्या नसल्याने, एका चित्रातील छटेवरून दुसऱ्यातील छटेचा अंदाज सर्वांत चांगला कोणत्या स्थितीत बांधता येतो, हे संगणक एक चित्र किंचित फिरवून, सरकवून पुन्हापुन्हा तपासतो.

खरी मेख पुढे आहे. कवटीला छिद्र पाडल्यावर मेंदूभोवतीचा द्रव थोडा गळतो, हवा आत शिरते आणि मेंदू किंचित खाली बसतो. पुढे ती हवा शोषली गेली की मेंदू पूर्ववत होतो आणि तार वाकते. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या दिवशीच काढलेला सीटी फसवू शकतो. बर्लिनच्या शारिते रुग्णालयात सुरू झालेल्या लीड-डीबीएस या संशोधनासाठीच्या मुक्त संगणकप्रणालीत हा फरक भरून काढण्याची पायरी मुद्दाम ठेवलेली आहे. त्यानंतर पांढऱ्या रेषेचा मध्य धरून, कड्यांची अंतरे आधीच ठाऊक असल्याने, प्रत्येक कड्याची जागा मांडता येते.

अशा रंगीत त्रिमितीय चित्रांनी भारावून जाण्याचे मात्र कारण नाही, कारण प्रत्येक पायरीवरची चूक पुढच्या पायरीत मिसळत जाते. कोणते कडे चालू करावे हे स्कॅनने सुचवावे, आणि त्याने रुग्णाच्या मनगटाचा ताठरपणा खरोखर सैलावतो का, हे डॉक्टरांनी ते हलवून पाहावे, हाच क्रम योग्य ठरतो.