कोंड्याचे मोल

टोकावडे परिसरातील भात गिरणीत भरडले की तांदूळ घरी येतो. कोंड्याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. पशुखाद्य कारखान्यांना हाच कोंडा, मका आणि पेंड बारमाही लागते. कोंड्यातील तेलामुळे तो लवकर खवट होतो. म्हणून एकट्या शेतकऱ्याला तो साठवून चांगल्या भावाची वाट पाहता येत नाही. येथेच सहकार उपयोगी पडतो. ऑक्टोबर १९६४ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी गुजरातेतील कंजरी येथे ‘अमूल’च्या पशुखाद्य कारखान्याचे उद्घाटन केले. कोल्हापूरच्या ‘गोकुळ’ दूध संघाचाही गडमुडशिंगीला असा कारखाना आहे. तेथे मालक सभासदच असतात. मुरबाड-शहापूरच्या शेतकऱ्यांनी कोंडा एकत्र विकला, तर त्याचा भाव मागता येईल. हा हिशेब गावात मांडण्याचे काम येथून शिकून गेलेल्या मुलामुलींनी करावे.